छप्पर, पंचनामा आणि विमा : वादळाने शिकविलेला धडा

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वरंधा आणि मढे घाटांच्या खाली पसरलेला महाडचा मुलूख ओलांडून ते वारे सह्याद्रीच्या माथ्यावर चढले आणि भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या तालुक्यांत शिरले. समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते, अशा आपल्या डोंगराळ भागात समुद्राचे वादळ येईल, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते.

त्या दिवशी आपले वसतिगृह रिकामे होते. टाळेबंदीमुळे मुले-मुली मार्च महिन्यातच आपापल्या गावी गेली होती. वादळ शमल्यावर आम्ही चार-पाच शिक्षक शाळेत पोहोचलो, तेव्हा मुलींच्या शयनगृहावरील छत्तीस पत्र्यांपैकी एकोणीस पत्रे जागेवर नव्हते. काही भातखाचरांत पडले होते, एक पत्रा आंब्याच्या फांदीत दुमडून अडकला होता. खाटांवर पाणी साचले होते. ज्या खाटांवर एरवी मुली झोपतात, त्यांपैकी तीन खाटांवर लोखंडी कोनांचे तुकडे पडलेले आम्ही पाहिले. त्या क्षणी आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. शाळा चालू असती तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

पुढे आम्ही जे केले, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. आम्ही उत्साहाने साफसफाई केली. दोन दिवसांत पत्रे गोळा केले, ताडपत्री अंथरली, भंगारवाल्याला बोलावून वाकलेले पत्रे विकून टाकले आणि मग इमारतीचा विमा असल्याची आठवण झाली. विमा कंपनीचे सर्वेक्षक आले, तेव्हा त्यांनी तीन साधे प्रश्न विचारले : नेमके किती पत्रे उडाले आणि ते कोठे आहेत? वादळापूर्वी छप्पर कोणत्या स्थितीत होते? इमारतीची विम्यातील किंमत कशावरून ठरविली? तिन्ही प्रश्नांना आमच्यापाशी पुराव्यासह उत्तर नव्हते. उरलेल्या पत्र्यांचे गंजलेले हुक मात्र त्यांना स्पष्ट दिसत होते. आमचा दावा मंजूर झाला तो अपेक्षेच्या निम्म्याहून कमी रकमेचा. सर्वेक्षकांचा त्यात दोष होता, असे आम्ही आजही म्हणणार नाही. वर्गात इतिहास शिकविताना आम्ही मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो की साधनांशिवाय इतिहास नाही. आणि आमच्याच छपराच्या इतिहासाची साधने आम्ही किलोच्या भावाने विकली होती.

छपराला आपल्या इतिहासात वेगळे मोल आहे

हा विषय केवळ पत्र्याचा आणि पैशाचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या 'गुन्ह्यां'ची एक यादी दिली आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात ती वाचावयास मिळते. जमीन किंवा गुरे बाळगणे, स्वच्छ कपडे घालणे, दागिने वापरणे यांच्याबरोबरच घरावर कौले घालणे हाही त्या यादीतील एक गुन्हा आहे. भिंती कशाही असोत, डोक्यावर गवतच असले पाहिजे, असा तो दंडक होता. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली यंत्रावरील कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर सर्वदूर पोहोचली. बाजारात कौल मिळू लागले, परंतु ते कोणाच्या घरावर चढावे हे बाजार ठरवीत नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पहिल्यांदा कौले किंवा पत्रे घातले, तेव्हा त्यांनी पावसाबरोबर एका अपमानाचीही वाट अडविली होती.

बुद्धाच्या संघातही निवासाचा विचार बारकाईने झालेला दिसतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात विहारांच्या छपरासाठी वीट, शिला, चुना, तृण आणि पर्ण अशी पाच प्रकारची आच्छादने मान्य केली आहेत. बांधकाम व दुरुस्तीचे काम पाहणाऱ्या भिक्खूला 'नवकम्मिक' असे नावच होते. वर्षावास म्हणजे पावसाळ्यात एका ठिकाणी राहणे, आणि राहावयाचे तर छप्पर धड असले पाहिजे, हे त्यामागचे साधे व्यावहारिक ज्ञान. आषाढ पौर्णिमेपूर्वी छप्पर तपासणे ही आपली धम्मपरंपरेशी सुसंगत अशीच कृती आहे.

छप्पर का उडते?

वारा छप्पर ढकलून पाडतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वारा छप्पर वर ओढतो. उतरत्या छपरावरून वारा वेगाने जातो, तेव्हा कडा, कोपरे आणि आढ्याजवळ हवेचा दाब कमी होऊन वरच्या दिशेने ओढ निर्माण होते. त्याच वेळी खिडकी किंवा दार उघडे राहिले अथवा फुटले, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून रेटा अशी दुहेरी शक्ती एकत्र आली की पत्रे सुटतात. म्हणून नुकसान नेहमी कडेला आणि कोपऱ्यात सुरू होते. वादळात दारे-खिडक्या बंद ठेवण्यामागचे कारणही हेच.

ही शक्ती किती असते, याचा हिशेब नववी-दहावीचा विद्यार्थी करू शकेल. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब, न्यूटनमध्ये. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.६ मीटर. त्यावरून दाब येतो सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलो वजनाइतका. घाटमाथ्यावर वेग याच्या निम्मा उरला असे धरले, तर दाब निम्मा न होता चौथाई होतो, कारण वेगाचा वर्ग केला जातो. म्हणजे सुमारे १४ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन मात्र चौरस मीटरला साधारण चार-पाच किलोच असते. तात्पर्य, पत्रा आपल्या वजनाने कधीच टिकत नाही. तो टिकतो स्क्रूने, हुकाने आणि त्याखालच्या लोखंडी आडव्या पाइपने. छपरावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मधूनमधून ठेवलेल्या दगडांनी एवढी ओढ रोखली जात नाही, आणि पत्रा उडालाच तर तोच दगड घरातल्या माणसांवर कोसळतो.

मंगलोरी कौलांचे गणित थोडे वेगळे आहे. कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरते आणि त्यांच्या फटींतून हवा खेळत असल्याने आतला रेटा थोडा मोकळा होतो. कौले एकेक करून सरकतात, फुटतात, गळती सुरू होते, परंतु संपूर्ण पाखे एकदम उडण्याचा धोका पत्र्यापेक्षा कमी. मात्र वासे आणि रिपा वाळवीने पोखरलेल्या असतील, तर तेच वजन घातक ठरते.

अभियंत्यांसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा भार दिलेला आहे. पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला जातो. नवीन छप्पर घालताना कंत्राटदाराला 'हे कोणत्या वेगासाठी केले आहे?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर देता आले नाही, तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

तपासणी कशी करावी?

तपासणी दोन वेळा आवश्यक आहे : एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या पावसापूर्वी, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर. पहिली तपासणी छप्पर वाचविते. दुसरी हक्क वाचविते.

पावसाळ्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. कडेच्या व कोपऱ्याच्या पत्र्यांचे स्क्रू किंवा जे-हुक जागेवर आहेत काय? त्यांखालचे रबरी वॉशर उन्हाने तडकले आहेत काय? पत्र्याच्या भोकाभोवती गंज चढून भोक मोठे झाले आहे काय? भोक मोठे झाले की स्क्रू असूनही धरत नाही. पत्र्यांचा खालवर जोड किमान १५ सेंटिमीटर आहे काय, आणि बाजूच्या जोडाचे तोंड पश्चिमेच्या वाऱ्याकडे उघडे तर नाही ना? आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे जोडाचे तोंड पूर्वेकडे असावे. लोखंडी कैच्या भिंतीवर नुसत्या टेकविल्या आहेत, की बोल्टने काँक्रीटच्या पट्ट्यात जखडल्या आहेत? नुसत्या टेकविलेल्या असतील, तर पत्रे सुटण्याऐवजी कैचीसकट संपूर्ण छप्परच जाते. पन्हळीत पाने साचली आहेत काय? छपरावर झुकलेल्या फांद्या छाटल्या आहेत काय?

वादळानंतरच्या तपासणीत मुख्य प्रश्न एकच असतो : हे नुकसान आजचे की जुने? व्यावसायिक तपासनीस किंवा सर्वेक्षक हे ठरविताना ज्या खुणा पाहतात, त्या आपणही ओळखू शकतो. नुकत्याच फाटलेल्या पत्र्याची कड चकचकीत असते. जुन्या फाटीवर तांबूस गंज असतो. वाऱ्याने ओढलेल्या पत्र्याचे भोक एका दिशेला लांबट होते. गंजाने खाल्लेले भोक सर्व बाजूंनी कुरतडल्यासारखे दिसते. ताज्या मोडलेल्या वाशाचा आतला रंग उजळ असतो; जुन्या मोडीवर धूळ, करडेपणा किंवा वाळवीची माती असते. फुटलेल्या कौलाच्या कडेवर शेवाळ असेल, तर ते या वादळात फुटलेले नाही. छताखालच्या भिंतीवर एकात एक अशी अनेक डागांची वलये असतील, तर गळती अनेक पावसाळ्यांची आहे. सर्व पत्रे आणि शेजारची झाडे एकाच दिशेला पडली असतील, तर ती वाऱ्याची साक्ष आहे. ती साक्ष हलविण्यापूर्वी टिपून ठेवावी.

येथे एक कळकळीची सूचना. तपासणीसाठी छपरावर चढू नये. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या वजनाने तो क्षणात फुटतो आणि माणूस थेट जमिनीवर येतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगारानेही आडव्या फळ्या टाकून आणि पूर्ण अंगाचा सुरक्षा-पट्टा (हार्नेस) लावूनच चढले पाहिजे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तुकडे फोडू नयेत, कोरड्या झाडूने झाडू नयेत. पाणी मारून, बारीक तंतू अडविणारा योग्य मास्क लावून उचलावेत. तुटलेल्या वीजतारेपासून लांब राहावे आणि मुख्य बटण बंद केल्याशिवाय ओल्या घरात शिरू नये. जमिनीवरून मोबाईलच्या कॅमेऱ्याने दृश्य जवळ आणून जेवढे दिसते, तेवढे बहुतेक वेळा पुरेसे असते. त्यापलीकडे ड्रोन किंवा जाणकार माणूस हवा.

दोन वेगळी दारे

नुकसान झाल्यावर मदतीची दोन दारे असतात. एक शासनाचे, दुसरे विमा कंपनीचे. ही दोन्ही वेगवेगळी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

शासनाच्या दारातील कागद म्हणजे पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आदी कर्मचारी पाहणी करतात, पंचांच्या सह्या घेतात आणि अहवाल तहसीलदारांकडे जातो. मिळणारी रक्कम ही मदत असते. घर पूर्ववत करण्याचा खर्च त्यातून निघेलच, असे नाही. आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे : पूर्ण किंवा गंभीर नुकसान झालेल्या घरास सपाट भागात १,२०,००० रुपये व डोंगराळ भागात १,३०,००० रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये व कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये, घराला लागून असलेल्या गोठ्यास ३,००० रुपये. राज्य शासन प्रसंगी यापेक्षा अधिक देते. निसर्ग वादळाच्या वेळी पूर्ण पडलेल्या घरासाठी त्या वेळच्या ९५,१०० रुपयांऐवजी १,५०,००० रुपये देण्याचा निर्णय झाला होता.

या आकड्यांत दोन जागा लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. पहिली, १५ टक्क्यांची अट. नुकसान या रेषेखाली नोंदले गेले, तर काहीच मिळत नाही. आणि 'अंशतः' व 'पूर्ण' यांतील अंतर लाखाहून अधिक रुपयांचे आहे. म्हणून पंचनाम्यात 'छप्पर उडाले' एवढेच न लिहिता किती पत्रे होते, किती गेले, किती वासे मोडले, कोणत्या भिंतीला तडा गेला, हे मोजून लिहिले जावे, असा आग्रह नम्रपणे पण ठामपणे धरावा. सही करण्यापूर्वी पंचनामा वाचावा. त्याचा फोटो घ्यावा. प्रत मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली मागता येते.

दुसरी जागा अधिक महत्त्वाची. निकषांत असे म्हटले आहे की नुकसान झालेले घर सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असावे. आपल्या समाजाची गोष्ट येथे अडते. वेल्हे खोऱ्यातील आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घराचे संपूर्ण छप्पर त्या वादळात गेले. घर ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीत तिच्या आजोबांच्या नावे होते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली होती, एक चुलते मुंबईत, दुसऱ्यांचा पत्ता नाही. मदत कोणाच्या खात्यावर जमा करावी, हाच प्रश्न निर्माण झाला. वारसनोंद होईपर्यंत त्या कुटुंबाने दुसरा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. एकाच भिंतीला टेकून असलेल्या घरांपैकी एकाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही; फरक फक्त नोंदीचा होता. कातकरी बांधवांची स्थिती तर याहून बिकट. त्यांची झोपडी अनेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभी असते.

१९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. गुलामीची ती नोंद पुसली गेली, हे योग्यच झाले. परंतु स्वातंत्र्याची नोंद करून घेण्याचे काम आपण पुष्कळ ठिकाणी अर्धवट सोडले. वस्तीतील घरे वाढली, वाटण्या तोंडी झाल्या, कागद जुनेच राहिले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या वस्तीचे मोजमाप होताना हजर राहणे, नकाशात आपले घर आले की नाही हे पाहणे आणि वारसांची नावे लावून घेणे, हे छपराला स्क्रू मारण्याइतकेच आवश्यक आहे.

विम्याचे दार

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा शासनाचा मक्तेदारी व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे सुचविले होते. दुर्बलाला संकटात कोणाच्या दयेवर राहावे लागू नये, हे त्यामागचे तत्त्व आम्ही समजतो. घराच्या विम्यालाही ते लागू पडते. मदत मिळेल किंवा न मिळेल. विमा हा करार असतो.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. तीत आग, वीज, भूकंप, दरड, पूर यांबरोबर वादळ व चक्रीवादळही येते. विमा जमिनीचा नसतो, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. घराबरोबर घरातील वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. अभियंता किंवा वास्तुविशारदाचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि पडलेला मलबा उचलण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. या पॉलिसीत किंमत कमी लावली म्हणून दावा प्रमाणात कापला जात नाही, ही विशेष सवलत आहे.

संस्था, शाळा, लहान कारखाने यांच्या पॉलिसीत मात्र ही कपात होऊ शकते. आमचे तेच झाले. समजा, इमारत पुन्हा बांधण्यास ४० लाख रुपये लागतील आणि विमा २४ लाखांचाच घेतला आहे. म्हणजे विमा ६० टक्के. मग ३ लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी त्याच्या ६० टक्के, म्हणजे १,८०,००० रुपयेच विचारात घेते. त्यातून घसारा आणि करारात ठरलेली प्रारंभिक कपात वजा होते. एकाच ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असणाऱ्यांसाठी असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत किंमत १५ टक्क्यांपर्यंत कमी असल्यास ही कपात माफ आहे. त्याहून कमी असल्यास नाही. आमच्या शाळेचा विमा दरवर्षी जुन्याच किमतीवर नूतनीकृत होत होता. हप्ता वाचविल्याचे समाधान आम्ही नऊ वर्षे घेतले आणि त्याची किंमत एका दुपारी चुकविली.

विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो. हळूहळू होणाऱ्या झिजेचा, गंजाचा, वाळवीचा नसतो. दाव्यातील बहुतेक वाद येथेच होतात. म्हणून वादळापूर्वीचे फोटो आणि दुरुस्तीच्या पावत्या यांच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

नुकसान झाल्यावर क्रम असा असावा. प्रथम माणसे सुरक्षित करावीत. मग काहीही न हलविता फोटो व चित्रफीत घ्यावी : आधी संपूर्ण इमारत चारही दिशांनी, नंतर प्रत्येक खोली, नंतर प्रत्येक तुटलेला भाग शेजारी मोजपट्टी धरून. त्याच दिवशी कंपनीला कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. पुढचे नुकसान टाळणे ही विमेदाराची जबाबदारीच आहे, म्हणून ताडपत्री जरूर टाकावी आणि तिची पावती ठेवावी. तुटलेले पत्रे, हुक, वासे एका कोपऱ्यात रचून ठेवावेत. सर्वेक्षकाने पाहून लेखी अनुमती दिल्याशिवाय भंगारात देऊ नयेत. पंचनाम्याची प्रत, दुरुस्तीचे सविस्तर अंदाजपत्रक, मालकीचा कागद आणि हवामानाची नोंद जोडावी. भारतीय हवामान विभागाची तसेच मंडलस्तरावरील 'महावेध' केंद्रांची नोंद येथे उपयोगी पडते. संस्थेच्या बाबतीत विश्वस्त मंडळाचा ठराव आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीची प्रत तयार ठेवावी.

ठराविक रकमेवरील नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकाकडूनच करावी, असे विमा अधिनियम १९३८ चे कलम ६४-यूएम सांगते. त्याचे शुल्क कंपनी देते. आपण एक पैसाही द्यावयाचा नसतो. त्याच्याबरोबर स्वतः फिरावे, प्रश्नांची सरळ उत्तरे द्यावीत, जुने नुकसान नवे म्हणून दाखवू नये. खोटे बोलणे शीलाच्या विरुद्ध आहेच, शिवाय एका खोट्यापायी खरा दावाही बुडतो. अहवालाची प्रत मागावी. निर्णय अमान्य असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, नंतर प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेकडे जाता येते. घरमालकास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि वकिलाची गरज नसते. लोकपालांचे एक कार्यालय पुण्यातच आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

आपण काय करू शकतो?

त्या वर्षानंतर शाळेत एक जाड नोंदवही ठेवली आहे. तिचे नाव 'छप्पर-वही'. दरवर्षी एप्रिल महिन्यात प्रत्येक इमारतीचे चारही बाजूंनी फोटो, पत्र्यांची संख्या, बदललेल्या स्क्रूंची संख्या, पावती क्रमांक आणि तपासणाऱ्या मिस्त्रीची सही त्यात येते. विम्याची रक्कम दर वर्षी नव्या बांधकाम खर्चाशी ताडून पाहिली जाते. नववीचे विद्यार्थी जमिनीवर उभे राहून पत्रे मोजतात, वाऱ्याच्या दाबाचे गणित सोडवितात आणि सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या घराची अशीच एक पानाची नोंद करून आणतात. त्या पानावर एक रकाना आहे : 'घर कोणाच्या नावावर आहे?' पहिल्या वर्षी अनेक मुलांनी तो रकाना रिकामा आणला. काहींनी लिहिले, 'आईला विचारले, माहीत नाही.' गेल्या दोन-तीन वर्षांत या प्रश्नामुळे काही पालकांनी वारसनोंदीचे अर्ज केले. आमच्या मते या वहीचे सर्वांत मोठे यश हेच आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता आहेत, कोणी तलाठी, कोणी विमा क्षेत्रात, कोणी वेल्डिंगचे काम करणारे. त्या सर्वांना आमची विनंती आहे की एप्रिल महिन्यातील एक रविवार त्यांनी आपल्या गावच्या वस्तीसाठी द्यावा. वर्गणी नको. अभियंत्याने कैच्या पाहाव्यात, वेल्डरने सुटलेले सांधे जोडावेत, तलाठ्याने नोंदी समजावून सांगाव्यात, विमा जाणणाऱ्याने पॉलिसीची भाषा सोपी करून द्यावी. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांतील प्रत्येक वस्तीत असा एक रविवार झाला, तर पुढच्या वादळात छपरे कमी उडतील, आणि उडालीच तर त्यांचा हक्क उडणार नाही.

मुलींच्या शयनगृहाचे छप्पर आता नवीन आहे. कैच्या बोल्टने जखडलेल्या आहेत, कडेचे स्क्रू दुप्पट आहेत. पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही अजूनही एकदा तिकडे फेरी मारतो. आत मुली झोपलेल्या असतात, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असतो.